ऑपरेशनमधले हातमोजे आणि त्यांना पडणारी भोकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन संपतं, शेवटचा टाका पडतो, हातमोजे उतरवून कचऱ्याच्या बादलीत जातात. तेच मोजे पाण्याने भरून बोटं दाबून पाहिली, तर अधूनमधून एखाद्या बोटाच्या टोकातून केसाएवढी धार उडते. तो मोजा ज्याच्या हातात होता, त्याला त्याचा पत्ताही नसतो. या पानावरचे बहुतेक प्रश्न त्या धारेभोवती फिरतात. उत्तरं लिहिताना डोळ्यासमोर थिएटरमध्ये उभे राहणारे लोक आहेत: सर्जन, असिस्टंट, स्क्रब नर्स (हत्यारं-सुया हातात देणारी सिस्टर) आणि नुकतेच हात धुवायला शिकलेले विद्यार्थी. रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून वाचणाऱ्यालाही ती समजायला हरकत नाही.

हातमोजे रुग्णासाठी असतात की डॉक्टरसाठी?

दोघांसाठी. कितीही घासून धुतला तरी हात निर्जंतुक होत नाही. त्वचेच्या खोल थरातले जंतू घामाबरोबर वर येतात, ते जखमेत जाऊ नयेत म्हणून मोजा लागतो. आणि रुग्णाच्या रक्तातलं काही आपल्या हाताच्या बारीकशा चिरेतून आत शिरू नये म्हणूनही लागतो.

गंमत म्हणजे ऑपरेशनसाठी रबरी मोज्यांची सुरुवात झाली तेव्हा यातलं कुठलंच कारण नव्हतं. १८८९च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन विल्यम हॉलस्टेड यांच्या थिएटरमधल्या मुख्य नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने सोलवटून निघत होते. काम सोडायची वेळ आली, तेव्हा हॉलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ मोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. रुग्णांनाही याचा फायदा होतो हे पुढे काही वर्षांनी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या ऑपरेशनांचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं: सगळ्यांनी मोजे घालायला सुरुवात केल्यावर जखमा पिकण्याचं प्रमाण घसरलं होतं.

नवीन, सीलबंद पाकिटातला मोजा तरी बिनभोकाचा असतो ना?

जवळजवळ नेहमी. पण शंभर टक्के हमी कोणी देत नाही. कारखान्यात प्रत्येक लॉटमधून नमुने काढून त्यांत १ लिटर पाणी भरतात, मोजा टांगून ठेवतात आणि दोन मिनिटांनी गळती बघतात. शस्त्रक्रियेच्या मोज्यांसाठी स्वीकारार्ह गुणवत्ता पातळी १.५ धरतात. याचा अर्थ 'शंभरात दीड मोजा फुटका' असा घेऊ नका. लॉट पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवायची ती संख्याशास्त्रातली रेघ आहे, आणि चांगल्या लॉटमध्ये प्रत्यक्ष प्रमाण तिच्या खालीच असतं. तरी ते शून्य नसतं, म्हणून घालताना मोज्याकडे एकदा नजर टाकायची.

घालतानाही मोजे फाटतात. वाढलेली नखं, अंगठी, ओले हात ही नेहमीची कारणं. अल्कोहोलचा हँडरब लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. ओलसर हातावर मोजा अडकतो, मग आपण तो ओढतो, आणि ओढताना तो ताणला जातो.

भोक पडलं तर कळणारच की! सुई टोचल्याशिवाय थोडीच राहते?

हाच सगळ्यात महागात पडणारा समज. बहुतेक भोकं कळत नाहीत.

कारण साधं आहे. टाके घालायच्या सुईचं टोक मोज्याला शिवून जातं, पण त्वचेपर्यंत पोचतंच असं नाही. रबर ताणलेलं असतं. सुई निघाली की भोक आक्रसतं, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. हात रक्ताने माखलेला, लक्ष जखमेत, वर दिव्याची झगझग. आत ओल लागली तर वाटतं घाम आहे, आणि पाऊण तासाने घाम असतोच. काही भोकं तर टोचण्याने पडतच नाहीत. गाठ मारताना धागा त्याच जागी पुन्हापुन्हा घासतो, कात्रीच्या कडीत बोट सारखं वरखाली होतं, क्लॅम्पचे दात चिमटा घेतात. अशा ठिकाणी रबर झिजत झिजत विरतं. त्यात टोचल्यासारखं काही जाणवत नाही.

वापरलेले मोजे गोळा करून पाण्याने तपासण्याचा अभ्यास अनेकांनी केला आहे. आकडे वेगवेगळे येतात, पण सर्जनना भोकं विचारली की त्यांना ठाऊक असलेली थोडीच निघतात, पाणी भरलं की पुष्कळ. म्हणून 'मला काही जाणवलं नाही' हे मोजा शाबूत असल्याचं प्रमाण मानू नये. मोजा बदलायचा तो घड्याळ आणि ऑपरेशनचा टप्पा बघून.

भोकं कुठे पडतात आणि कोणाच्या हातात जास्त?

उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या तर्जनीला. तिच्या पाठोपाठ डावा अंगठा. उजव्या हातात नीडल होल्डर असतो, सुई त्याच्या जबड्यात पकडलेली; डाव्या हाताची बोटं मात्र ऊती धरायला, सुईचं टोक कुठून बाहेर येतंय ते चाचपायला, कधीकधी सुई सरळ बोटांनीच पकडायला पुढे जातात. डावखुऱ्यांचं याच्या बरोबर उलट.

मुख्य सर्जनच्या मोज्यांना भोकं जास्त सापडतात. पहिला असिस्टंट आणि स्क्रब नर्स फार मागे नसतात. सुई चढवणं, परत घेणं, मोजणं हे सगळं सिस्टरच्या हातून होतं, आणि सर्जनच्या घाईचा भुर्दंड बऱ्याचदा तिच्या बोटांना बसतो. हे बोललं जात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कोणत्या ऑपरेशनमध्ये धोका अधिक?

हाडांच्या. मोडलेल्या हाडाची टोकं, वायर, ड्रिल, स्क्रू, करवत: रबराला शत्रूच शत्रू. छाती उघडल्यावर उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कापलेल्या कडा आणि तारा, खोल ओटीपोटातली शस्त्रक्रिया, सिझेरियन, दात-जबड्यांत तारा बसवणं, हीही त्याच रांगेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये भोकं कमी सापडतात. लांबलेलं आणि तातडीने करावं लागलेलं कुठलंही ऑपरेशन मात्र जोखमीचंच समजा.

किती वेळाने मोजे बदलावेत?

जर्मनीतल्या एका रुग्णालयातला २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे कामाचा आहे. वापरलेल्या मोज्यांच्या सुमारे ९०० जोड्या तपासल्या. ९० मिनिटांपर्यंत वापरलेल्यांत १५.४ टक्के, ९१ ते १५० मिनिटांच्या गटात १८.१ टक्के आणि त्याहून जास्त वापरलेल्यांत २३.७ टक्के मोज्यांना सूक्ष्म भोकं होती. 'दीड तासाने बदला' हा सल्ला अशाच मोजण्यांतून आला.

माझं मत विचाराल तर वेळेइतकाच टप्पाही महत्त्वाचा. ड्रेपिंग (रुग्णावर निर्जंतुक कापडं पसरणं) झाल्यावर बाहेरचा मोजा बदला, कारण त्वचेशी आणि कापडांशी झटापट तेव्हाच होते. सांध्यात इम्प्लांट हाताळण्याआधी बदला. आतड्याचं काम संपवून पोट बंद करायला घेण्याआधी बदला. टप्प्याला बांधलेला नियम लक्षात राहतो. घड्याळाचा नियम ऐन गडबडीत हमखास विसरतो. म्हणून घड्याळाचं काम फ्लोअर नर्सकडे (स्क्रब न होता बाहेरून मदत करणाऱ्या सिस्टरकडे) द्यावं. तिने दीड तास झाल्याचं मोठ्याने सांगायचं, आणि सर्जनने त्यावर वैतागायचं नाही.

दोन मोजे घातल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि या विषयात याच्याइतका पक्का पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र केल्या: एकेरी मोज्याच्या तुलनेत दुहेरी मोजे घातल्यावर आतल्या मोज्याला, म्हणजे त्वचेला लागून असलेल्या थराला, भोक पडण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी घटलं. हातावर रक्ताचे डाग सापडण्याचं प्रमाणही ६५ टक्क्यांनी कमी झालं.

बाहेरच्या मोज्याला भोकं पडतच राहतात, एकेरीला पडतात तितकीच. तो मार खाण्यासाठीच असतो. बाहेरचं भोक आणि आतलं भोक एकाच जागी, एकाच वेळी पडणं अवघड, एवढाच सगळा हिशोब. शिवाय सुई रबराच्या थरांतून जाताना तिच्यावरचं रक्त पुसलं जातं. टाक्याची सुई भरीव असते, त्यामुळे मोज्यातून घुसून त्वचेत पोचणारं रक्त बरंच कमी होतं. इंजेक्शनच्या पोकळ सुईत रक्त आत साठलेलं असतं, तिथे हा फायदा कमी मिळतो.

दोन मोज्यांत बोटांना काही कळत नाही, असं जुने सर्जन म्हणतात. खरं आहे का?

पहिले काही दिवस खरं आहे. हात आवळल्यासारखा वाटतो, बोटांना मुंग्या येतात, गाठ नीट बसत नाही असं वाटतं. पण स्पर्शाची आणि कौशल्याची मोजमापं घेतलेल्या बहुतेक अभ्यासांत मोठा फरक दिसलेला नाही, आणि सवय झाल्यावर तक्रार विरते. मुंग्या येण्याचं कारण बहुतेक वेळा चुकीचा साइज असतो. आतला मोजा नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरने मोठा आणि बाहेरचा नेहमीचा, अशी जोडी अनेकांना जमते. काहींना उलट बरं वाटतं. पाच-सहा ऑपरेशनं दोन्ही प्रकार घालून बघा आणि मगच नको म्हणा. सूक्ष्मदर्शकाखालचं डोळ्याचं किंवा नसांचं काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, हे मान्य. पण पोट उघडून आतडी जोडणाऱ्याने तीच सबब सांगितली तर मी ऐकून सोडून देतो.

आतला मोजा हिरवा किंवा गडद रंगाचा का असतो?

बाहेरच्या फिक्या मोज्याला भोक पडलं की त्यातून द्रव दोन थरांमध्ये शिरतो, आणि तेवढ्या जागी आतला गडद रंग डागासारखा उठून दिसतो. म्हणजे न जाणवणारं भोक डोळ्यांना दिसतं. अशी जोडी वापरणाऱ्यांच्या लक्षात भोकं लवकर आणि जास्त येतात.

मर्यादा दोन. कोरड्या जागी डाग उठत नाही, कारण आत शिरायला द्रवच नसतो. आणि आतल्या मोज्याचं भोक ही युक्ती दाखवत नाही. डाग नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरून चालू नका.

ऑपरेशनच्या मध्येच भोक दिसलं. आता काय करायचं?

रुग्णाचा रक्तस्राव आवरत असाल तर आधी तो थांबवा. मग लगेच हात जखमेतून बाहेर. 'एवढा टाका संपवतो' म्हणत पुढचे पाच टाके होतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

बाहेरचा मोजा काढा, आतला उजेडात नीट बघा. तो शाबूत असेल तर वरचा नवा चढवला की झालं. आतलाही गेला असेल तर दोन्ही काढून त्वचा बघायची, आणि त्वचेला टोचलं असेल तर पुढचा प्रश्न वाचा. भोक ज्याने पडलं ती सुई किंवा ते हत्यार बाजूला काढून ट्रॉलीवरून हटवा. मोज्याचा तुकडाच निघाला असेल तर तो सापडेपर्यंत शोधा, तो जखमेत राहू शकतो.

एक बारीक गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही. एकदा हात बाहेर आला की गाऊनची मनगटाजवळची विणलेली पट्टी निर्जंतुक मानत नाहीत. म्हणून नवा मोजा घालताना ती पट्टी हातावर ओढून घेऊन बंद पद्धतीने मोजा चढवू नये. स्क्रब झालेल्या दुसऱ्या कोणीतरी मोजा उघडून धरावा आणि त्यात हात घालावा, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. माणूस मोकळा नसेल तर गाऊनसह सगळं बदला.

सुई त्वचेला टोचली आहे. किती घाबरायचं?

घाबरू नका, पण लपवूही नका. जागा साबण-पाण्याने धुवा. पिळून रक्त काढायचं नाही, ब्लीच किंवा तसलं काही जहाल ओतायचं नाही. लगेच कळवा. रुग्णाच्या रक्ताची तपासणी व्हायला हवी आणि तुमचीही, आजची तारीख कागदावर यावी म्हणून.

टोचण्यातून लागण होण्याची शक्यता साधारण अशी सांगतात: एचआयव्हीसाठी ०.३ टक्के, म्हणजे तीनशे घटनांत सुमारे एक. हेपटायटिस सीसाठी १.८ टक्के हा आकडा वर्षानुवर्षं चालत आला, अलीकडच्या मोजणीत तो पुष्कळ खाली आहे. हेपटायटिस बीची लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के. यातला शेवटचा आकडा पुन्हा वाचा. सगळे एचआयव्हीला घाबरतात, आणि लस मिळणाऱ्या आजाराची लस पूर्ण करायची राहून जाते. तीन डोस झाल्यावर अँटिबॉडी तपासून घ्या.

एचआयव्ही प्रतिबंधक औषधं सुरू करायची असतील तर जितक्या लवकर तितकं बरं, काही तासांत. ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ उरत नाही. कोर्स २८ दिवसांचा. 'ऑपरेशन संपल्यावर बघू' हे चार तासांच्या केसमध्ये फार महाग पडतं.

मोजा फाटला म्हणजे रुग्णाच्या जखमेत पू होणारच का?

नाही. स्वित्झर्लंडमध्ये बासलच्या विद्यापीठ रुग्णालयात ४१४७ शस्त्रक्रिया तपासल्या होत्या, निष्कर्ष २००९ मध्ये आले. आधी प्रतिजैविक दिलेलं नसताना मोजा फुटला, तर जखम पिकण्याची शक्यता स्पष्टपणे वाढलेली दिसली. वेळेवर प्रतिजैविक दिलेल्या रुग्णांमध्ये तो फरक ठळक राहिला नाही. म्हणजे मोजा ही अनेक कड्यांमधली एक कडी. हात धुणं, प्रतिजैविकाची वेळ, त्वचेची तयारी या बाकीच्या कड्या घट्ट असतील तर एका भोकाने साखळी तुटत नाही.

दुसऱ्या बाजूने २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चीता ही चाचणी बघा. सात देशांत, भारतही त्यात होता, १३ हजारांहून जास्त रुग्णांवर ती झाली. पोट बंद करण्याआधी सगळ्या टीमने मोजे आणि हत्यारं बदलायची, एवढाच बदल. जखमेचा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. फरक मोजे आणि हत्यारं दोन्हींचा मिळून आहे, त्यातला मोज्यांचा वाटा सुटा काढता येत नाही. पण इतक्या साध्या गोष्टीने एवढा फरक शस्त्रक्रियेत क्वचित मिळतो.

बोथट सुई म्हणजे काय? ती चालते तरी का?

टोक किंचित गोल केलेली टाक्याची सुई. स्नायू आणि फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) यांतून ती व्यवस्थित जाते, बोटातून सहजी जात नाही. २०११ च्या कोक्रेन आढाव्यात तिच्यामुळे मोज्यांना भोकं पडण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. थोडा जोर जास्त लावावा लागतो ही सर्जनांची तक्रार, आणि ती खरी आहे. त्वचेला किंवा आतड्याला ती वापरायची नाही. पोटाचा फॅशिया शिवताना मात्र, जिथे दमलेला हात आणि मोठी सुई एकत्र येतात, ती नक्की वापरावी.

सुई हातातून हातात देण्याला पर्याय काय?

मध्ये एक जागा ठरवा: ट्रे, किडनी डिश किंवा चुंबकी पॅड. सिस्टर सुई तिथे ठेवते, सर्जन तिथून उचलतो, परत तिथेच ठेवतो. एका वेळी त्या जागेवर एकच हात. ठेवताना 'सुई' किंवा 'ब्लेड' असं तोंडाने म्हणायचं. पहिल्या आठवड्यात हे नाटकी वाटतं. सुई बोटांनी न पकडता फोर्सेप्सने (चिमट्याने) पकडणं हीही याच जातीची सवय.

कॉटरीने (विजेने रक्तवाहिनी जाळून बंद करणाऱ्या उपकरणाने) मोज्याला भोक पडतं का?

पडतं. फोर्सेप्सने रक्तवाहिनी पकडून फोर्सेप्सलाच कॉटरी लावतात, तेव्हा विजेचा दाब पातळ रबर भेदून जाऊ शकतो आणि धरणाऱ्याच्या बोटाला चटका बसतो. तिथे सुईसारखंच भोक झालेलं असतं. म्हणून चटका बसला की मोजा बदला. फोर्सेप्स चिमटीत टोकाला न धरता मुठीत पूर्ण पकडावा, आणि कॉटरी धातूला टेकवल्यानंतरच बटण दाबावं.

रसायनांनी मोजा खराब होतो का?

तेलकट मलमं आणि पेट्रोलियम जेली लेटेक्सला कमकुवत करतात, त्यामुळे ड्यूटीवर हाताला लावायची क्रीम पाण्यावर आधारित हवी. हाडांच्या सिमेंटमधला (इम्प्लांट हाडात पक्का बसवायला वापरतात ते) मिथाइल मेथाक्रिलेट हा द्रव मोज्यातून आरपार झिरपतो, भोक नसतानाही. सिमेंट कालवणाऱ्याने दोन मोजे घालून काम आटोपताच बाहेरचा फेकावा.

लेटेक्सची ॲलर्जी असेल तर? आणि पावडर कुठे गेली?

पॉलिआयसोप्रीन, निओप्रीन, नायट्राइल असे पर्याय मिळतात. पॉलिआयसोप्रीन हाताला लेटेक्सच्या सगळ्यात जवळचं वाटतं. हाताला खाज येते म्हणजे लेटेक्सचीच ॲलर्जी, असं नाही. पुष्कळदा ती रबर पक्कं करताना वापरलेल्या रसायनांची असते, आणि तेव्हा नुसतं लेटेक्समुक्त पाकीट आणून भागत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या. रुग्णाला लेटेक्सची ॲलर्जी असेल तर अख्खं थिएटर त्या हिशोबाने लावायचं, फक्त सर्जनचे मोजे बदलून चालणार नाही.

मोजा सहज चढावा म्हणून आत लावलेली पावडर मक्याच्या पिठाची असायची. ती पोटात पडली की आतडी चिकटतात, गाठी होतात, आणि हवेत उडून ती लेटेक्सचे कण नाकात नेते. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदीच घातली.

आमच्या थिएटरमध्ये हे तपासून बघायचं असेल तर?

एक आठवडा वापरलेले मोजे फेकू नका. एप्रन, चष्मा आणि मोजे घालून, सिंकवर, प्रत्येकात १ लिटर पाणी भरा, मनगटाशी पीळ देऊन घट्ट धरा आणि दोन मिनिटं थांबा. मग एकेक बोट हलकेच दाबा. हवा फुगवून बघू नका, बारीक भोक त्यात निसटतं. कोणतं ऑपरेशन, किती मिनिटं, कुणाची भूमिका, कोणतं बोट, आणि त्या माणसाला भोक कळलं होतं का, एवढं वहीत लिहा. नाव लिहू नका. नावं लिहिली की दुसऱ्या दिवसापासून मोजे गोळा व्हायचे थांबतात. शेवटचा रकाना भरताना 'नाही' हा शब्द किती वेळा लिहावा लागतो ते मोजा, आणि तो आकडा स्क्रबच्या नळावर चिकटवा.